आरजीएस-२ नॉकआउटमध्येही बँड दिसतोय? उंदरांच्या आधी अँटिबॉडीवर शंका घ्या

तुमची पोस्ट वाचून माझे जुने दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय: आरजीएस-२ प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या (नॉकआउट) उंदराच्या महाधमनीतल्या पेशी, जीनोटायपिंग (डीएनएची तपासणी) अगदी स्वच्छ, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन शोधण्याच्या चाचणीत) मात्र २४ किलोडाल्टन वजनापाशी वाइल्ड टाइपइतकाच (जनुक शाबूत असलेल्या उंदरांइतकाच) ठळक बँड, म्हणजे पट्टा. त्यात तुमचे गाईड म्हणतात की पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असणार, कॉलनी मोडून नव्याने लावा. कृपा करून तसं करू नका. मी केलं होतं.

नॉकआउट येण्याच्या आधी वर्षभर मी तीच अँटिबॉडी फक्त वाइल्ड टाइप पेशींवर वापरत होतो. बँड अपेक्षित वजनाला येतोय, म्हणजे तो आरजीएस-२च, असं धरून चाललो. अँजिओटेन्सिन (रक्तवाहिन्या आकसवणारं संप्रेरक) दिल्यावर या जनुकाचा एमआरएनए (ज्यावरून प्रथिन बनतं ती प्रत) झपाट्याने चढतो, हे मला ठाऊक होतं. माझा बँड मात्र जराही हलत नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. पुढे नॉकआउटमध्येही तोच बँड दिसला, तेव्हा मी संशय उंदरांवर घेतला. सगळी कॉलनी संपवली, नवीन जोड्या लावल्या, पिल्लं मोठी होईपर्यंत थांबलो, आणि पुन्हा तोच बँड. १४ महिने गेले. महिन्यांपेक्षा मला ते निष्कारण मारलेले उंदीर जास्त टोचतात, आजही.

कंपनीला तीनदा मेल केले. तिन्ही वेळा उत्तर एकच: अँटिबॉडी तपासलेली आहे, तुमचा नमुना बघा, सोबत कॅटलॉगमधलं चित्र. ते चित्र होतं मुद्दाम भरमसाट आरजीएस-२ बनवायला लावलेल्या पेशींचं! तिथे बँड दिसणारच. पेशीत मुळात असतं तेवढं प्रथिन ती अँटिबॉडी ओळखते का, हा माझा प्रश्न होता आणि त्याला कोणी हातच घातला नाही. नॉकआउटचा ब्लॉट दाखवत नसेल त्या विक्रेत्याकडून मी आता काही घेत नाही. हे माझं मत, तुमच्या लॅबचं बजेट वेगळं असू शकतं.

या प्रथिनाची अडचणच अशी आहे की ते पेशीत फार टिकत नाही. त्याच्या एन-टोकामुळे (सुरुवातीच्या टोकामुळे) प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा, त्याला पटकन संपवतो. त्यातून भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) १, ५, १६ आणि ३३ या जागांवरच्या चार मेथिओनिन अमिनो आम्लांपासून सुरू होऊ शकतं, म्हणजे खरा बँड एकच असेल याची खात्री नाही, आणि अँटिबॉडी अगदी सुरुवातीच्या तुकड्यावर बनवलेली असेल तर आखूड रूपं तिला दिसणारही नाहीत. इतक्या कमी प्रथिनावर त्याच वजनाचं दुसरं कुठलंही प्रथिन सहज मात करतं.

म्हणून वाइल्ड टाइप आणि नॉकआउट, दोन्ही पेशींना काही तास एमजी-१३२ (प्रोटिआसोम थांबवणारं रसायन) देऊन बघा. खरा बँड वाइल्ड टाइपमध्ये वाढेल, नॉकआउटमध्ये उगवणार नाही. शेजारच्या लेनमध्ये टॅग (ओळखीची खूण) लावलेलं आरजीएस-२ हवंच. त्याच आठवड्यात क्यूपीसीआर (एमआरएनए मोजण्याची चाचणी) करा, पण प्रायमर (त्यासाठीचे डीएनएचे छोटे तुकडे) जनुकाच्या काढून टाकलेल्या भागातच बसले पाहिजेत. (जुने पेपर शोधताना 'जी-झिरो-एस-८' हे नावही टाका, याच जनुकाचं ते आधीचं नाव. ऊती काढण्याची वेळ आणि पद्धतही रोज एकच ठेवा, कारण हा एमआरएनए तासाभरातही बदलतो.)

आणि मला विचाराल तर ब्लॉटपेक्षा कार्य बघा. आरजीएस-२चं काम जी-अल्फा-क्यू या संदेशवाहक प्रथिनाला चालू ठेवणारा जीटीपी रेणू लवकर तोडायला लावून संदेश आवरता घेणं. ते नसेल तर अँजिओटेन्सिननंतरचा कॅल्शियमचा प्रतिसाद वाढतो आणि रेंगाळतो, तो फ्युरा-२ हा चमकणारा रंग वापरून मोजता येतो.

एक गोष्ट पोस्टमध्ये खटकली. तुम्ही हेटरोझायगोट (जनुकाची एकच प्रत गेलेली) भावंडं कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, धरली आहेत. २००३ साली या उंदरांचा रक्तदाब मोजला गेला तेव्हा एकच प्रत गेलेल्या उंदरांमध्येही तो वाढलेला निघाला. कंट्रोल त्याच वेतातले वाइल्ड टाइपच घ्या, बाहेरून विकत आणलेले नकोत. नॉकआउट १२९ वंशाच्या पेशींतून बनवला असेल तर जनुकाच्या आजूबाजूचा १२९चा तुकडा पुष्कळ पिढ्या बॅकक्रॉस करूनही (दुसऱ्या वंशाशी पुन्हा पुन्हा संकर करूनही) सोबत राहतो.

माझा अनुभव रक्तवाहिन्यांच्या पेशींपुरता आहे. मेंदूत, चिंतेसारख्या वर्तनावर याच जनुकाचं काम करणाऱ्यांचे नियम वेगळे असतील.

जनुकाचे कोणते एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) काढले आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, प्रायमर कुठे ठेवायचे ते बघून सांगतो. आणि एमजी-१३२चा ब्लॉट हातात येईपर्यंत निदान दोन ब्रीडिंग जोड्या तरी कोणाला हलवू देऊ नका.