प्रश्न विचारलात ना, मग थांबा

नवा वर्ग हातात आला की पहिली चूक आवाजाची होते. गोंगाट वाढला की आपण त्यावर आवाज चढवतो, मुलं आणखी वर जातात आणि दिवाळीपर्यंत आपला घसा बसतो. त्याऐवजी वाक्य अर्धवट तोडून गप्प उभे राहा, मग नेहमीपेक्षा खालच्या आवाजात सूचना द्या. एका वेळी एकच: "वही काढा." सगळ्यांच्या निघाल्या की पुढची. "वही काढा, तारीख घाला, पान ४२ उघडा" असं एका दमात सांगितलं, की मागचा बाक शेजाऱ्याला विचारायला लागतो आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

प्रश्नाचंही तसंच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. म्हणून आधी प्रश्न, मग मनात तीन आकडे, मग नाव. नाव आधी घेतलंत तर बाकीचा वर्ग सुटलाच! उत्तर आल्यावरही लगेच "शाब्बास" नको. जरा थांबलात तर मूल स्वतःहून कारण जोडतं.

दंगेखोराचं नाव फळ्यावर लिहू नका. बऱ्याचदा त्याला तेच हवं असतं. शिकवता शिकवता त्याच्या बाकाशी जा, वहीतल्या चुकलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि पुढे चला. हात उगारणं तर सोडाच: शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. रोजचे टोमणे म्हणूनच किरकोळ समजू नका.