झोपेची अर्धी गोळी, तीही आईच्या चिठ्ठीवर

"मॅडम, अर्धीच तर घेतो, त्याने काय होतंय?" ठाण्यात थेरपिस्ट म्हणून प्रॅक्टिस करताना हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं.

ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करणारे एक गृहस्थ, पंचेचाळिशीचे (तपशील बदललेत). वडील गेले तेव्हा आईला डॉक्टरांनी थोडे दिवस अल्प्राझोलम ही झोपेची गोळी दिली होती, आईची बंद झाली आणि यांनी तीच जुनी चिठ्ठी दाखवून सुरू केली, केमिस्ट ओळखीचा. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. मध्ये स्वतःच बंद करून पाहिली तर हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्रभर टक्क जागे. "म्हणजे मला गोळी लागतेच ना?"

नाही हो. सवयीची गोळी एकदम तोडली की झोप आधीपेक्षा जास्त उडते, काहींना फिटसुद्धा येते. त्यामुळे रोज घेत असाल तर हे वाचून उद्यापासून बंद करू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करत नेतात. यांनाही मी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, पण त्याआधी एक विचारलं.

"इतके दिवस डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"वेळच मिळत नाही."

"केमिस्टकडे जायला मिळतो?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "डॉक्टर विचारतील ना, झोप का येत नाही."

"मग?"

"मग सांगावं लागेल."

प्रोजेक्ट संपून बेंचवर होते, म्हणजे नोकरी आहे पण हातात काम नाही, बायकोलाही माहीत नव्हतं, रोज डबा घेऊन निघायचे. त्या एका वाक्यावर पुढची सगळी सेशन्स उभी राहिली. फी किंवा रांग हे सांगायला असतं, माझ्या मते बऱ्याच जणांना तो एक प्रश्नच टाळायचा असतो, आणि ओळखीचा केमिस्ट तो विचारत नाही. मी विचारांवर काम करणारी, म्हणून रात्री २ वाजता डोक्यात येतं ते कागदावर उतरवून आणायला लावलं. "नोकरी गेली तर मी कुचकामी." हे वाक्य आम्ही पुन्हापुन्हा तपासलं, मग एका रविवारी त्यांनी बायकोला सांगितलं, आणि गोळी कमी करणं तिथून सोपं गेलं.

ही गोळी शेड्यूल एच१ मधली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीतली, केमिस्टने डॉक्टर आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं ठेवायचं असतं, ते उगाच नाही. दोन पेग आणि वर ही गोळी घेतली तर श्वास मंदावून जिवावर बेततं. वयस्कर माणसं रात्री बाथरूमला उठतात, तोल जातो, खुबा मोडतो. डॉक्टरकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा, आणि किती महिने घेताय ते खरं सांगा. थेट जायचा धीर होत नसेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं.