स्टेप वनची तारीख आधी घेऊ नकोस

तुझा प्रश्न असा: नांदेडची इंटर्नशिप मार्चमध्ये संपते, मेमध्ये स्टेप वन (अमेरिकेच्या यूएसएमएलई या डॉक्टरी परवाना परीक्षेचा पहिला टप्पा) देऊन त्याच सप्टेंबरला अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करता येईल का, आणि अभ्यासाला काय काय घ्यावं? मी परभणीचा, अंबाजोगाईला शिकलो, आता इकडे अमेरिकेत मेडिसिनमध्ये आहे. माझं मत स्पष्ट आहे. हा सप्टेंबर सोड, पुढच्या वर्षीचा धर.

२६ जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. म्हणजे निवड करणाऱ्यांसमोर तुझे गुण जातात ते स्टेप टू सीकेचे, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेचे. मेमध्ये वन दिलीस तर टूला जेमतेम दोन-अडीच महिने उरतात, त्यात निकाल यायला तीन-चार आठवडे जातात. पास झालेली परीक्षा गुण वाढवायला पुन्हा देता येत नाही आणि नापासाची नोंद कायम राहते. त्यापेक्षा बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षात पीएचसीवर (प्राथमिक आरोग्य केंद्रावर) असताना वन दे, पुढच्या जूनपर्यंत टू आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा उरक, सप्टेंबरला अर्ज कर. मॅच, म्हणजे कुणाला कुठली जागा मिळाली ती यादी, मार्चमध्ये लागते, काम जुलैत सुरू होतं. एक वर्ष उशीर झाला म्हणून कुणी दार लावून घेत नाही.

आता साहित्य. यूवर्ल्ड ही ऑनलाइन प्रश्नपेढी घे, आणि तेच तुझं पाठ्यपुस्तक समज. स्टेप वनचे साडेतीन हजारांहून जास्त प्रश्न आहेत. चाळीसचा एक संच सोडवायला तास लागतो, पण त्याची उत्तरं नीट वाचायला तीन तास. चुकीचे पर्याय चुकीचे का, हे वाचशील तिथेच खरा अभ्यास होतो. रोज एक संच धरला तरी तीन महिने. ड्युटी सांभाळून पाच धर. वर्गणीचे दिवस सुरू केल्यापासून मोजतात, म्हणून कॅज्युअल्टीची पोस्टिंग संपल्याशिवाय ती सुरू करू नकोस. सोबत फर्स्ट एड हे उजळणीचं पुस्तक ठेव, पण पाठ करायला नाही, खुणा करायला. पॅथॉलॉजी कच्ची असेल तर पॅथोमा, त्या विषयाचं पुस्तक आणि व्हिडिओ. बस. मी पाच ठिकाणची व्हिडिओ व्याख्यानं घेऊन बसलो होतो, एकही पूर्ण झालं नाही. वर तारीख आधीच घेतली होती, ती बदलण्याचे पैसे भरले. तू एनबीएमई या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचीच सराव परीक्षा दे. त्यात पास होण्याची शक्यता टक्क्यांत कळते. दोन वेळा ती नव्वदच्या वर आली की मग तारीख घे.

नीट पीजीसाठी (आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी) घेतलेलं मॅरो हे अभ्यासाचं ॲप टाकून देऊ नकोस, पण त्याच्यावर विसंबूही नकोस. इथला प्रश्न अर्ध्या पानाचा असतो, पेशंटची अख्खी कहाणी सांगून शेवटी एकच गोष्ट विचारतो. काही ठिकाणी तू पुढे आहेस. फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट आपल्याकडे कॅज्युअल्टीत येतोच. ज्याने रात्रभर बसून ॲट्रोपिन दिलंय, त्याला त्या विषाच्या मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक परिणामांतला फरक पाठ करावा लागत नाही.

मात्र नीतिशास्त्राचे प्रश्न आपल्या सवयीविरुद्ध जातात. आपल्याकडे मुलगा बाजूला घेऊन म्हणतो, "डॉक्टर, आबाला कॅन्सरचं सांगू नका," आणि आपण मान हलवतो. परीक्षेतलं उत्तर वेगळं: आधी नातेवाइकाला तसं का वाटतं ते विचारा, मग किती जाणून घ्यायचंय ते पेशंटलाच विचारा. यात मी बरेच गुण गमावले. नंतर इथे काम करताना वाटलं, आपल्या आबांनाही कुणीतरी विचारायला हवं होतं. हे प्रश्न आणि बायोस्टॅटिस्टिक्स (वैद्यकीय संख्याशास्त्र) शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

केंद्र हैदराबादचं घे, नांदेडहून रेल्वेने ते सोयीचं. दोन दिवस आधी पोच. पेपर एकाच दिवसात, आठ तास, जास्तीत जास्त २८० प्रश्न. आधीच्या महिन्यात एखाद्या रविवारी घरी तेवढाच वेळ सलग बसून बघ.

आणि या आठवड्यात एक काम कर. पासपोर्ट काढून नाव बघ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवरचं नाव आणि परीक्षेच्या परमिटवरचं (प्रवेशपत्रावरचं) नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात. फरक असेल तर दुरुस्तीला आत्ताच टाक, नोंदणी त्यानंतर कर.