शहर वाढतं तसे रस्ते तुटत का जातात?

दादर-माटुंग्यात कुठूनही कुठेही चालत जाता येतं, मग कांदिवलीत समोर दिसणाऱ्या दुकानापर्यंतही रिक्षा का करावी लागते, असं तुम्ही विचारलंय. माझं लहानपण दादरच्या हिंदू कॉलनीत गेलं आणि लग्नानंतर मी कांदिवली पूर्वेला आले, त्यामुळे हा फरक पायांनी अनुभवलाय.

मुळात आधी रस्ता की आधी इमारत, यावर सगळं ठरतं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर ट्रस्टने आधी रस्ते आखले, मग प्लॉट पाडले. म्हणून तिथे एक गल्ली खोदून ठेवली तरी शेजारच्या गल्लीतून निघता येतं. पुढे 1915 च्या नगररचना कायद्याने वांद्रे, पार्ल्याकडे टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना झाल्या. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्त्याची जागा काढायची आणि मालकांना नीट आखलेले प्लॉट परत द्यायचे, अशी ती पद्धत. फार शहाणपणाची होती, असं मला वाटतं.

नंतरची बरीचशी उपनगरं मात्र तुकड्यातुकड्याने भरली. कुठे शेत, कुठे कारखान्याची जागा. ज्याने त्याने आपल्या कुंपणापुरता रस्ता केला आणि एक मोठं गेट ठेवलं. नकाशावरचे डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आखलेले रस्ते, कुणाच्या तरी भिंतीला जाऊन थांबले. त्यात रेल्वे, हायवे आणि नाले उभे आडवे आलेले. चौकात चार रस्ते मिळायचे, तिथे तीन मिळू लागले, नाहीतर बंद गल्ली. हे जगभर चाललंय. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून दिसलं की 1975 पासून बहुतेक देशांत नवे रस्ते एकमेकांना कमी जोडलेले आहेत. शहर पसरणं म्हणजे लांबलांब बंगले, असा आपला समज असतो. आपल्याकडे टॉवर दाटीवाटीने उभे आहेत, आणि तरी रस्त्यांची रचना त्या पसरट शहरांसारखीच तुटक आहे.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे डॉक्टरांचा दवाखाना आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाटी वाचता येते. मागचं गेट चोरीच्या भीतीने कायम कुलूपबंद. त्यामुळे सासूबाईंना पुढच्या गेटने निघून, नाल्यावरच्या पुलावरून वळसा घालून वीस मिनिटं चालावं लागायचं. गुडघे दुखतात म्हणून त्या रिक्षा करायच्या. आजूबाजूच्या प्रत्येक कॉम्प्लेक्समधून अशाच रिक्षा आणि गाड्या त्या एकाच रस्त्यावर येतात, मग तो तुंबतो.

इमारती पाडून नव्या होतात, पण रस्त्याची आखणी सहसा बदलत नाही. म्हणून तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात असेल तर प्लॅन मंजूर होण्याआधीच मागच्या बाजूने पायवाट मागा. नंतर कुणी जागा सोडत नाही. आम्ही दोन सर्वसाधारण सभांत भांडलो, तेव्हा कुठे मागचं गेट सकाळी आठ ते दहा उघडायला लागलं. सासूबाई आता डॉक्टरांची वेळ सकाळचीच घेतात.