वाचक विचारतात : यशयाचा सेवक आणि इस्राएलाचे स्थान

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक म्हणजे येशू ख्रिस्त, असे आमच्याकडे गुड फ्रायडेच्या उपासनेत दरवर्षी सांगितले जाते. हे भविष्य ज्यांच्या शास्त्रात आहे त्या यहुद्यांनी ते का मानले नाही? आणि देवाच्या योजनेत आता त्यांना काही स्थान उरले आहे काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : यहुद्यांनी हा अध्याय वाचलाच नाही किंवा मुद्दाम डावलला, अशी समजूत आपल्याकडे दिसते, ती बरोबर नाही. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यांनी हा सेवक म्हणजे इतर राष्ट्रांमध्ये छळ सोसणारे इस्राएल (यहुदी लोक), असा अर्थ लावला. त्याला ग्रंथातच आधार आहे, कारण ४९व्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात देव आपल्या सेवकाला ‘इस्राएल’ म्हणूनच हाक मारतो. (त्याच अध्यायात हा सेवक इस्राएलाला परत आणणाराही आहे, त्यामुळे प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही.) संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी, हा प्रश्न प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये कूशी (इथियोपियाच्या) अधिकाऱ्यानेही सुवार्तिक फिलिप्पाला विचारला होता.

ख्रिस्ती वाचन वेगळ्या रीतीने चालते. ‘मिसरातून मी आपल्या पुत्राला बोलावले’ हे होशेय संदेष्ट्याचे वाक्य मुळात इस्राएलाच्या सुटकेविषयी असूनही शुभवर्तमानकार मत्तय ते बाळ येशूला लावतो, कारण इस्राएलाचा सगळा इतिहास त्याला येशूच्या जीवनात पुन्हा घडताना दिसतो. म्हणजे या वाचनाला इस्राएल वगळून चालतच नाही. यहुद्यांचे शास्त्र टाकून देऊ पाहणाऱ्या मार्कियोन या शिक्षकाला रोमच्या मंडळीने (चर्चने) इ. स. १४४च्या सुमारास बाहेर काढले, ते याच कारणाने.

तरीही मंडळीने इस्राएलाची जागा घेतली, हे मत दुसऱ्या शतकापासून बळावले आणि युरोपात त्याची किंमत यहुद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली. चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने त्यांना मारू नये असे सांगितले खरे, पण ख्रिस्ती सत्याचे साक्षीदार म्हणून त्यांनी पांगलेलेच राहावे, अशी त्याची मांडणी होती. माझ्या मते प्रेषित पौलाच्या शिकवणीशी हे जुळत नाही. रोमकरांस पत्रात, अध्याय ११ मध्ये, परराष्ट्रीय (यहुदी नसलेले) विश्वासणारे हे जैतुनाच्या मूळ झाडाला लावलेल्या रानटी फांद्या आहेत आणि देवाची कृपादाने व पाचारण परत घेतली जात नाहीत, असे तो स्पष्ट लिहितो. कोल्हापूरचे ख्रिस्ती अर्थातच या फांद्यांमध्ये मोडतात. रोमन कॅथलिक चर्चनेही २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात याच अध्यायाचा आधार घेऊन, यहुदी लोक देवाने टाकलेले वा शापित आहेत असे मांडू नये, असे सांगितले.

यहुद्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवावा काय, याबद्दल मात्र ख्रिस्ती पंथांत आजही एकमत नाही. पौलाला स्वतःला तशी आशा होती. परंतु ती तो देवाच्या हाती सोपवतो आणि अध्यायाच्या अखेरीस त्याचे निर्णय अगम्य आहेत असे म्हणून थांबतो.