नेब्रास्का : एका सभागृहाचे राज्य

प्रश्न : अमेरिकेतल्या 50 राज्यांपैकी 49 राज्यांत विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत, नेब्रास्कात एकच. मग घाईगर्दीत झालेला चुकीचा कायदा तिथे अडवतो कोण?

आधी दुसरे सभागृह गेले कसे ते पाहू. 1930च्या दशकापर्यंत नेब्रास्कातही 100 जणांचे प्रतिनिधिगृह आणि 33 जणांचे सिनेट होते. जॉर्ज नॉरिस हे या राज्याचे वॉशिंग्टनमधले सिनेटर. त्यांचा मुख्य आक्षेप संयुक्त समितीवर होता. दोन सभागृहांत एकाच विधेयकाचे दोन मसुदे मंजूर झाले की मोजके सदस्य बंद दाराआड बसून तिसराच मसुदा तयार करत. त्यात कोणी काय घुसवले आणि कोणी काय गाळले, हे मतदाराला कळायला मार्ग नसे. 1934च्या नोव्हेंबरात 2,86,086 विरुद्ध 1,93,152 मतांनी जनतेने घटनादुरुस्ती मान्य केली आणि 1937 पासून एकच सभागृह कामाला लागले. तेव्हा सदस्य 43 होते, आज 49 आहेत. प्रत्येकाला सिनेटरच म्हणतात. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो. प्राथमिक फेरीतले पहिले दोघे अंतिम लढतीत जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

आता अडवण्याबद्दल. विधेयके अधिवेशनाच्या पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांतच मांडावी लागतात. मागे घेतले नाही तर प्रत्येक विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी होते आणि तिची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. तिथे कोणीही नागरिक उभा राहून बोलू शकतो : आधी बाजूने बोलणारे, मग विरोधातले, शेवटी तटस्थ. समितीने पुढे पाठवलेले विधेयक तीन टप्प्यांतून जाते. जनरल फाइलमध्ये मुख्य चर्चा आणि बहुतेक दुरुस्त्या होतात, सिलेक्ट फाइलमध्ये पुन्हा चर्चा होते, आणि शेवटी फायनल रीडिंग. प्रत्येक टप्प्यावर 25 मते हवीत, हजर किती आहेत याला महत्त्व नाही. फायनल रीडिंगमध्ये मजकूर बदलता येत नाही. तिथे चूक सापडली, तर विधेयक नेमक्या त्या दुरुस्तीसाठी एक पायरी मागे न्यावे लागते. मांडल्यापासून पाच कामकाजाचे दिवस उलटल्याशिवाय अंतिम मतदान घेता येत नाही, ही अट तर राज्यघटनेतच आहे.

त्यापुढे गव्हर्नरचा नकाराधिकार आहेच. तो ओलांडायला 30 मते लागतात. आणि सगळ्यात शेवटी मतदार. 2015मध्ये विधिमंडळाने फाशीची शिक्षा रद्द केली, गव्हर्नरने नकार दिला, तो नेमक्या 30 मतांनी ओलांडला गेला. विरोधकांनी सह्या गोळा केल्या. नोंदणीकृत मतदारांपैकी 10 टक्क्यांच्या सह्या जमल्या, तर सार्वमत होईपर्यंत कायदा स्थगित राहतो. तसेच झाले आणि 2016मध्ये मतदारांनी ती शिक्षा परत आणली. निर्णय पटो न पटो, यंत्रणा कशी चालते हे त्यातून स्वच्छ दिसते.

व्यवस्थेत खोट नाही असे मात्र नाही. चर्चा लांबवून विधेयक मारण्याची युक्ती इथेही चालते. चर्चा बंद करायला 33 मते लागतात, म्हणजे विरोधात किंवा गप्प बसलेले 17 जण पुरतात. दुसरी खोट पगाराची : वर्षाला 12,000 डॉलर, आणि तो आकडा राज्यघटनेत बसवलेला. एवढ्यात घर चालत नाही. त्यामुळे निवृत्त लोक, स्वतःचा धंदा असलेले किंवा कामाच्या वेळा आपल्या हातात असलेले लोकच बहुधा उभे राहतात. पक्षाचे नाव मतपत्रिकेवर नाही म्हणून पक्ष नाहीत, असेही समजू नये. कोण कोणत्या गोटातला, हे सगळ्यांना ठाऊक असते.

प्रश्न : नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या विमानतळावरून मध्यभागी जाताना वाटेत शेजारच्या 'आयोवा' राज्याची पाटी लागते. नकाशात तर मिसूरी नदी हीच सीमा आहे. ही पाटी चुकीची आहे का?

पाटी बरोबर आहे. ते कार्टर लेक नावाचे गाव, नदीच्या पश्चिमेला असलेले आयोवाचे. 1877पर्यंत मिसूरी इथे मोठे वळण घेऊन जात असे. त्या वर्षीच्या पुरात नदीने वळणाची मान कापली आणि सरळ वाट धरली. जुन्या पात्राचे घोड्याच्या नालेच्या आकाराचे तळे झाले. जमीन कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1892चा निकाल असा : काठ हळूहळू झिजून किंवा गाळ साचून नदी सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते, नदीने एकाएकी पात्र सोडले तर सीमा जुन्या पात्राच्या मध्यावरच राहते. हा भेद लक्षात ठेवला तर मिसूरीकाठच्या नकाशातल्या अशा बहुतेक गमती उलगडतात.

प्रश्न : राजधानी ओमाहाऐवजी लिंकन का?

राज्य होण्याआधी नेब्रास्का केंद्राच्या ताब्यातला प्रदेश असताना राजधानी ओमाहाच होती आणि प्लॅट नदीच्या दक्षिणेकडच्या लोकांना ते खुपत असे. 1 मार्च 1867 रोजी नेब्रास्का 37वे राज्य झाले, तेही अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) ओलांडल्यावर. त्याच वर्षी तिघांच्या आयोगाने दक्षिणेकडचे लँकेस्टर हे चिमुकले खेडे निवडले आणि त्याला लिंकन नाव मिळाले.

प्रश्न : होमस्टेड कायद्याने वस्ती करणाऱ्यांना 160 एकर सरकारी जमीन मिळत असे, पण पश्चिम नेब्रास्कात 640 एकर दिल्याचे वाचले. एवढा फरक का?

पावसामुळे आणि मातीमुळे. 1862च्या कायद्याने किरकोळ शुल्कात 160 एकर मिळत. अट पाच वर्षे राहण्याची आणि जमीन कसण्याची. पूर्वेकडे, जिथे वर्षाला 30 इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तिथे एका कुटुंबाला तेवढी पुरे. पश्चिमेकडे पाऊस त्याच्या जवळजवळ निम्मा. त्यात मधला मोठा पट्टा सँडहिल्सचा : वाळूच्या टेकड्या, आणि त्यांना धरून ठेवणारे फक्त गवत. तिथे नांगर घातला की गवताची मुळे सुटतात, वारा वाळू उचलतो आणि टेकडीच्या अंगाला खड्डा पडून तो रुंदावत जातो. मका पेरायला गेलेल्यांचे हातचे गवतही गेले. ती जमीन गुरांची, आणि 160 एकरांवर पोट भरेल इतकी गुरे चरत नाहीत. म्हणून 1904च्या किनकेड कायद्याने पश्चिमेकडच्या सिंचनाखाली न येणाऱ्या जमिनीत 640 एकरांपर्यंत दावा करायची मुभा दिली. कोरड्या भागात तेही कमीच पडले. अनेकांनी दावा पूर्ण करून जमीन शेजारच्या मोठ्या रँचला, म्हणजे गुरे पाळणाऱ्या मळ्याला विकली.

वाळूतून मुरलेले पाणी खालच्या ओगालाला भूजलसाठ्यात जाते. त्याचा उपसा ठरवण्याचे काम 1972मध्ये सुरू झालेल्या, निवडून आलेल्या जिल्हा मंडळांकडे आहे. या मंडळांच्या हद्दी काउंटीच्या नव्हेत, पाणलोटाच्या रेषांवरून आखल्या आहेत.

प्रश्न : अध्यक्षीय निवडणुकीत नेब्रास्काची मते फुटतात ती कशी?

अमेरिकेचा अध्यक्ष राज्यांना ठरवून दिलेल्या मतांनी निवडला जातो. नेब्रास्काची अशी एकूण पाच मते. दोन राज्यभर पुढे असलेल्याला, आणि तीन काँग्रेस मतदारसंघांपैकी प्रत्येकात जो जिंकेल त्याला एकेक. ही पद्धत 1992पासून. मेन या राज्यात ती त्याआधीपासून आहे. ओमाहाचा दुसरा मतदारसंघ 2008, 2020 आणि 2024मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेला, बाकीची चार मते रिपब्लिकनांकडे. सगळी मते एकालाच देण्याच्या जुन्या पद्धतीकडे परतण्याचा प्रयत्न 2025मध्येही झाला. बहुमत होते, पण चर्चा बंद करायला लागणारी 33 मते जमली नाहीत आणि विधेयक तिथेच अडकले.