आधी गावनकाशा, मग पोकलेन

पावसाळा सरला की ओढ्या-तळ्यांच्या कामांविषयी पत्रे येऊ लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावाजवळचा ओढा दीड किलोमीटर लांबीचा आहे. दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा आत सरकल्यात, पात्रात बेशरम माजली आहे. सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळतोय, ग्रामसभेचा ठरावही झालाय. पोकलेन कधी लावू? परवानगी नेमकी कोणाची घ्यायची? (वाचक, ता. दिंडोरी)

उत्तर : ठराव हवाच, पण ठराव म्हणजे परवानगी नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 नुसार नदी-नाल्यांचे पात्र शासनाच्या मालकीचे असते. त्यामुळे पहिला अर्ज तहसीलदारांकडे. सोबत गावनकाशाची प्रत आणि ओढ्याला लागून असलेल्या प्रत्येक गटाचा सातबारा जोडा. सातबाऱ्यावर पोटखराब (गटातले लागवडीत नसलेले क्षेत्र) 'ब' अशी नोंद दिसली तर ती नीट वाचा. ओढे, रस्ते अशा सार्वजनिक वापराखालचे क्षेत्र त्यात येते. पोटखराब 'अ' म्हणजे नुसते लागवडीस अयोग्य क्षेत्र, त्याचे तसे नाही. एवढा फरक बांधावर सगळ्यांसमोर दाखवला की निम्मे वाद तिथेच मिटतात.

मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून क-प्रत (हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा) घ्या आणि हद्दीचे दगड रोवून घ्या. इथे घाई केली की काम बंद पडलेच म्हणून समजा. पोकलेन बागेच्या तारांना लागला की शेतकरी स्थगिती आणतो, यंत्राचे भाडे चालूच राहते आणि पाऊस येऊन ठेपतो.

मोजणी झाल्यावर, पण आराखडा पक्का होण्याआधी, सगळ्या खात्यांची एकत्र स्थळपाहणी ठेवा. तहसीलदारांच्या पत्रानेच निमंत्रण जाऊ द्या. तलाठी, भूमापक आणि वनपाल यांच्याबरोबर, ज्या खात्याने ओढ्यावर आधी बंधारा बांधला असेल त्याचे शाखा अभियंता हवेत. ओढा रस्ता ओलांडत असेल तर मोरी ज्यांच्या ताब्यात आहे त्या बांधकाम विभागाचे अभियंताही हवेत. प्रत्येकाच्या हाती दोन पानी टिपण आणि एक नकाशा द्या: काय करणार, कुठून कुठपर्यंत, किती माती हलणार, ती कुठे जाणार. पाहणीचे इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून सह्या घ्या. कार्यालये एकामागून एक गाठली तर पहिल्याने मान्य केलेले तिसरा बदलायला लावतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्याच्या दारात उभे राहता.

बहुतेकांच्या नजरेतून सुटते ते गौण खनिज, म्हणजे मुरूम, वाळू वगैरे. ओढ्यातला मुरूम बाहेर नेला तर तहसीलदारांची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर ट्रॅक्टर जप्त होतात आणि दंड निधीतून भरता येत नाही. शक्यतो मुरूम जागेवरच काठाच्या भरावात वापरा. झाडे तोडायची असतील, अगदी बाभळीसुद्धा, तर तोही अर्ज वेगळा.

आत्ता अर्ज केलेत तर मोजणी आणि पाहणी होऊन प्रत्यक्ष कामाला मार्च ते मे मिळतात. एवढा अवधी पुरतो.

प्रश्न : पाणलोट 180 हेक्टर आहे. ओढा खोल आणि रुंद करून सरळ केला तर पुराचे पाणी पटकन निघून जाईल ना? (तेच वाचक)

उत्तर : जाईल, आणि तेच नको आहे. हिशेब करून पाहू. लहान पाणलोटातून पुराचे किती पाणी येईल हे काढायला रॅशनल सूत्र पुरते: हेक्टर, तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) यांचा गुणाकार करून 360 ने भागायचे. पावसाची तीव्रता 60 आणि गुणांक 0.5 धरला तर सेकंदाला 15 घनमीटर येतात. (तीव्रता अंदाजाने धरू नका. जलसंपदा विभागाचे जलविज्ञान कार्यालय नाशिकमध्येच आहे, तिथून जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मागा.)

आता पात्र. तळ 4 मीटर, खोली 1.2 मीटर, काठाचा उतार एकास दोन (1 मीटर उंचीला 2 मीटर आडवे), तळाचा उतार 300 मीटरला 1 मीटर. गवत-झुडपे असलेल्या पात्राला मॅनिंगचा गुणांक (पात्राचा खडबडीतपणा सांगणारा आकडा) 0.05 धरला तर पाण्याचा वेग सेकंदाला साधारण 1 मीटर आणि वहनक्षमता पावणेआठ घनमीटर. म्हणजे मोठ्या पुरात निम्मे पाणी काठाबाहेर पसरणार, आणि ते पसरायलाच हवे. त्यासाठी मोजणीत मिळालेली सगळी रुंदी दोन्ही काठांना सखल पट्टा म्हणून मोकळी ठेवा. पाणी तिथे थबकते, गाळ टाकते, जमिनीत मुरते.

हेच पात्र घासूनपुसून साफ केले तर गुणांक 0.03 वर येतो, वेग 1.7 मीटरच्या जवळ जातो आणि क्षमता जवळपास 13 घनमीटर होते. कागदावर सुधारणा दिसते. प्रत्यक्षात ते पाणी खालच्या मोरीवर आदळते आणि खालच्या गावाचा काठ खाते.

खोलीकरणात दुसरी अडचण तळाची. मधलाच टप्पा मीटरभर खोल केला की त्याच्या वरच्या टोकाला पायरी तयार होते. पहिल्या पुरात ती ढासळत वर सरकते आणि वरच्या बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. म्हणून मोरीच्या तळाची पातळी आणि बंधाऱ्याच्या पायथ्याची पातळी हे दोन बिंदू पक्के धरा आणि मधला उतार त्यांना जुळवा. दर 20 मीटरला आडवा छेद घ्या. जुनी वळणे ठेवा. आपल्याकडच्या काळ्या खडकाला हात लागला की थांबा.

बेशरम कोयत्याने छाटू नका, प्रत्येक तुकड्याला मुळे फुटतात. उन्हाळ्यात मुळासकट उपटून पात्रापासून दूर, कोरड्या कातळावर वाळवा. तिच्या जागी पाण्याच्या कडेला लव्हाळा, आणि 15 सेंटिमीटर अंतरावर वाळ्याची ठोंबे लावा. त्यामागे शेरणी आणि वाळुंज, वर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, 75 सेंटिमीटर लांब काड्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तृतीयांश जमिनीत जातील अशा ठोका. शेंडा वरच राहील हे बघा, उलटी काडी जगत नाही.

प्रश्न : नासर्डीच्या काठाला भराव टाकून सोसायटीसाठी जॉगिंग ट्रॅक आणि लॉन करायचे आहे. हे नदी सुशोभीकरणात बसेल का? (वाचक, नाशिक शहर)

उत्तर : भराव बसणार नाही. जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा पाण्याचा आहे, तिथे भराव टाकला तर तेवढे पाणी समोरच्या काठावरच्या घरांत जाते. पायवाट हवी असेल तर आहे त्याच पातळीवर, मातीची, महापालिकेच्या लेखी संमतीने करा.

प्रश्न : आमचे गावतळे नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्याजवळ आहे. हिवाळ्यात बदके येतात. सगळा गाळ काढून, काठ दगडाने बांधून, कडेने झाडे लावायचा विचार आहे. (वाचक, ता. निफाड)

उत्तर : तळे नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत आहे का, हे आधी वन्यजीव विभागाकडून लेखी घ्या. हद्दीत असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चे कलम 29 लागू होते. पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे किंवा वाढवणे, यांतले काहीही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. हद्दीबाहेर असलात तरी प्रस्तावाची प्रत वन्यजीव विभागाला द्या.

तुमच्या आराखड्यातल्या तिन्ही गोष्टी बदलायला हव्यात. चक्रांग, तलवार बदक, थापट्या ही बदके बहुतेक वीत-दीड वीत पाण्यात चरतात आणि तुतवार या काठच्या पक्ष्यांना तर चिखलच लागतो. सगळा गाळ काढून दोन-तीन मीटरची खोली केली तर पाणी राहील, पक्षी जातील. एका वर्षी अर्धेच तळे हाताळा. उरलेल्या अर्ध्यातून बी, शंख-शिंपले आणि किडे पुन्हा पसरतात. काठाचा उतार एकास दहा किंवा त्याहून सौम्य ठेवा, पिचिंग (दगडी बांधणी) नकोच. झाडांची रांग लावायची तर एकाच बाजूला, पाण्यापासून लांब. उघड्या काठावर बसणारे पक्षी दाट झाडीजवळ उतरायला बिचकतात. काम पाहुणे परतल्यावर, मार्चअखेरीस सुरू करा.

निधीच्या करारात तीन वर्षांची देखभाल आत्ताच लिहून घ्या. जलपर्णी फुलायच्या आत हाताने काढायची, कारण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते. तळ्यात सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रोवा, दर पंधरवड्याला पातळी वहीत टिपा आणि दर वेळी त्याच चार जागांवरून फोटो काढा. दुसऱ्या वर्षीचा अर्धा भाग कुठून आणि किती खोदायचा, ते या वहीवरून ठरवा.